गल्लीत सगळ्यात आधी उठणारी

तमाम नागरिक बंधू-भगिनींना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर, मुक्काम नारपोली, भिवंडी येथे, लूमच्या उर्फ यंत्रमागाच्या कारखान्याला पाठ टेकून उभ्या असलेल्या एका खोलीत, प्रस्तुत लेखिकेची नेमणूक धाकट्या बहिणीला झोपवण्याच्या कामी करण्यात आली होती. नेमणुकीच्या वेळी लेखिकेचे वय नऊ वर्षे. पगार नाही. रजा शाळेपुरती. वशिला आईचा.

ही घोषणा मी हळदीच्या मांडवात, बायका दमून बसल्या की उभी राहून करते. सगळ्या हसतात. मग मी लूमच्या गमती सांगते, वडिलांच्या झोपेची नक्कल करते, आणि जिथे थांबायचं तिथे थांबते. आज थांबणार नाही. आधीच सांगून टाकते, म्हणजे कुणाला अंदाज बांधत बसायला नको: माझ्या बहिणीला ऐकू येत नव्हतं. ती तीन वर्षांची होईपर्यंत आम्हाला ते कळलं नाही. आणि कळलं नाही त्याचं कारण तिची झोप.

खोली दहा बाय बाराची. एक भिंत कारखान्याची. कारखान्याच्या छपराचा लोखंडी गर्डर त्या भिंतीतून आरपार येऊन आमच्या डोक्यावरून जायचा. पलीकडे चोवीस लूम. ते चालू असले की कळशीतल्या पाण्यावर बारीक गोल तरंग उठायचे, बशीतला चहा थरथरायचा, आणि भिंतीवरची बुद्धाची तसबीर आठवड्याभरात एका बाजूला झुकायची. शुक्रवारी कारखान्यांची लाईट बंद असायची, म्हणून लूम बंद, म्हणून आई शुक्रवारी तसबीर सरळ करायची. मी एकदा म्हटलं, "आपल्या घरात नीट झोपतो तो एकटा बुद्धच." आईने पाठीत धपाटा घातला. "झोपलाय होय तो? जागा हाय म्हणून तर बुद्ध."

वडील जॉबर होते. जॉबर म्हणजे लूमचा डॉक्टर. लूम बिघडला की ते दोन पावलं मागे सरायचे, मान तिरकी करायचे, आणि चोवीसांच्या खडखडाटातून कुठल्या लूमचा कुठला नट ढिला झालाय ते अचूक सांगायचे. असा कान अख्ख्या नारपोलीत नाही, असं कारखान्याचा मालक, सेठ, म्हणायचा. हे लक्षात ठेवा. वडिलांनी आयुष्यभर लक्षात ठेवलं.

आई कारखान्याच्या दाराशी मशीनवर कांड्या भरायची. कांडी म्हणजे लूमच्या इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यात बसते ती सुताची नळी. तिचं मशीन आमच्या उंबऱ्यापासून आठ पावलांवर. बाळ रडलं तर तिला ऐकू येणं शक्यच नव्हतं, म्हणून माझी नेमणूक.

नवं बाळ घरात आलं की पहिले दोन महिने त्याला दिवस कळत नाही, रात्र कळत नाही. दोन तास झोप, अर्धा तास आकांत, पुन्हा दोन तास. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात हे तुकडे एकमेकांना जोडले जायला लागतात. बाळ उजेडावरून, घरातल्या वावरण्यावरून शिकतं की हा दिवस, ही रात्र. इतर गावांत असं होत असावं. आमच्या गल्लीत दिवस-रात्र नव्हतीच, पाळ्या होत्या. सकाळी आठ ते रात्री आठ, रात्री आठ ते सकाळी आठ. वडिलांची एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रात्रपाळी. त्यांच्या झोपेचे तुकडे कधी जोडलेच गेले नाहीत. नीट पाहिलं तर घरात सगळ्यात लहान झोप वडिलांची होती. भर दुपारी डोळ्यांवर टॉवेल टाकून ते पडायचे, आणि मधेच उठून बसून विचारायचे, "कुठली पाळी?" मी गंभीर चेहरा करून सांगायचे, "रात्रीची. चला, उशीर झाला." एकदा ते बनियनवर बाहेर धावले. गल्लीत कडक ऊन होतं. त्यांनी मला मारलं नाही. नुसते उन्हात उभे राहून डोळे चोळत होते. मला त्या वेळी फार हसू आलं होतं.

बहीण मात्र चौथ्या महिन्यातच पाळी शिकली. मधे तिला एक मोठा ताप येऊन गेला होता, दहा दिवस सरकारी दवाखान्यात, रोज सुया. तापानेच काही झालं की जन्मतःच होतं, ते कुणी कधी सांगितलं नाही. पण तापातून उठली ती झोपेची राणी होऊन. आईने जुन्या साडीची झोळी करून गर्डरला टांगली होती. लूम चालू झाले की बहिणीचे डोळे जड. लूम थांबले की टक्क उघडे. सकाळी आठला आणि रात्री आठला पाळी बदलताना लूम थोडे थांबायचे, तेव्हा ती उठायची, दूध प्यायची, लूम पुन्हा सुरू झाले की झोपायची. शुक्रवार सोडला तर आईला घड्याळ लागत नव्हतं.

आणि लाईट गेली की तो खेळ पाहावा! लूम थांबायचे आणि सगळीकडे अशी शांतता पडायची की छाती दडपावी. मग एक बाळ रडायचं. मग समोरच्या खोलीतलं. मग चार घरं सोडून जुळी. आमच्या गल्लीची सगळी बाळं गोंगाटात झोपायची आणि शांततेत दचकून उठायची. बायका मशीन सोडून धावायच्या. या शर्यतीत आमचं बाळ कायम पहिलं. इतरांच्या आधी क्षणभर, पण आधीच. आईला त्याचा केवढा अभिमान! "माझी पोर गल्लीत सगळ्यात आधी उठते," ती पाण्याच्या नळावर सांगायची, जशा इतर बायका पोराचा नंबर सांगतात.

आता माझी करामत. मी झोपवायचे म्हणजे नुसता झोका देत नसे. मी प्रयोग लावायचे. राजा, राक्षस, राजाची भांडकुदळ बायको, सगळ्यांचे आवाज मीच काढायचे. लूमच्या वर आवाज जावा म्हणून नरडं फाडून ओरडायचे. बहीण झोळीतून माझ्या तोंडाकडे अशी पाहत राहायची की जगात दुसरं काही नाही. राक्षस मेला की ती हसायची. प्रेक्षक म्हणजे असा! आज पन्नाशीला आले, हजार बायकांपुढे बोलले, पण तसं कुणी पाहिलं नाही. त्या प्रेक्षकाला एक अक्षर पोचत नव्हतं.

नऊ महिन्यांची असताना आई तिला नाक्यावरच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. पोर अजून 'बाबा', 'दादा' काही म्हणत नव्हती. दवाखान्याच्या मागेही लूम. डॉक्टर ओरडून विचारत होते आणि आई ओरडून उत्तर देत होती.

"आवाजाने दचकते का?"

"दचकते? अहो, लूम थांबले की अख्ख्या गल्लीत पहिली उठते ही! झोपेतसुद्धा कान जागे हायत तिचे."

डॉक्टर हसले. "पक्कं भिवंडीचं बाळ आहे." त्यांनी लोहाचं औषध लिहून दिलं. मी शेजारी उभी होते. मीही मान डोलावली, मोठ्या माणसासारखी.

पुढे दोन वर्षं कुणालाच काही खटकलं नाही, याचं आज नवल वाटतं, पण आमच्या गल्लीत नसतं वाटलं. कारखान्यात कुणी तोंडाने बोलतच नाही. अंगठा ओठांकडे नेला की चहा. दोन बोटं कात्रीसारखी हलवली की धागा तुटला. तळहात गालाला लावला की झोप. मिशीला पीळ दिला की सेठ आला. कारखान्याला चिकटलेल्या घरांतही निम्मा संसार असाच हातांवर चालायचा. बहीण दीड वर्षाची असताना चहा मागायची, दोन वर्षांची असताना वडिलांना 'धागा तुटला' करून दाखवायची आणि सेठ गल्लीत शिरला की मिशीला पीळ देऊन सगळ्यांना हसवायची. वडील म्हणायचे, "ही जॉबर होणार." बोलत नाही म्हणावं तर शेजारणी म्हणायच्या, लूमकडची पोरं उशिराच बोलतात. ते खरंही होतं. जुळी अडीच वर्षांनी बोलली.

एकच माणूस होतं ज्याला संशय यायला हवा होता. मी. मला केव्हाच कळलं होतं की हाक मारून ती वळत नाही, पण फरशीवर पाय आपटला की वळते. मी त्याचा जादूचा खेळ केला. मैत्रिणींना बोलवायचे, बहिणीला पाठमोरी बसवायचे, तोंडावर बोट ठेवून सगळ्यांना गप्प करायचे आणि टाच आपटायचे. बहीण वळून हसायची. मैत्रिणी टाळ्या पिटायच्या. बदल्यात मी चिंचा घ्यायचे. ही गोष्ट मी आईला कधी सांगितली नाही. आधी खेळाचं गुपित फुटेल म्हणून, आणि नंतर सांगण्याजोगं तोंड राहिलं नव्हतं म्हणून.

ती तीन वर्षांची झाली त्या उन्हाळ्यात सेठने छपराचे पत्रे बदलायला काढले. आधी आमच्या बाजूचे. दोन दिवस आमच्या खोलीत राहता येईना. गल्लीच्या पलीकडे सेठचं घर. सेठची बायको, आम्ही तिला चाची म्हणायचो, मोठ्या मनाची आणि त्याहून मोठ्या आवाजाची कोकणी बाई. म्हणाली, "गो, पोरीला माझ्याकडं आण. माझ्या नातवासंगं निजंल." तिच्याकडे सागवानी पलंग, त्यावर वीतभर जाड कापसाची गादी. दुपारी बहीण आणि चाचीचा नातू शेजारी शेजारी झोपले. आई आणि मी खाली बसून मसूर निवडत होतो.

लाईट गेली.

शांतता पडली. समोरचं बाळ रडलं. कोपऱ्यावरचं रडलं. पलंगावरचा नातू उठून किंचाळायला लागला. माझी बहीण झोपलेली. तोंड थोडं उघडं, एक हात नातवाच्या पोटावर.

आईचा चेहरा फुलला. "बघा भाभी, मोठी झाली माझी पोर. आता उठत न्हाय."

 चाचीने नातवाला माझ्या मांडीवर दिलं, आत गेली, पितळी परात घेऊन आली आणि बहिणीच्या उशापाशी उभं राहून ती फरशीवर सोडली. मी उडाले. नातवाचा श्वास कोंडला. खिडकीतलं मांजर गायब. बहीण झोपलेली. गादी इतकी जाड की फरशीचा हादराही तिच्यापर्यंत गेला नाही. मग चाची हळूच पलंगाच्या काठावर टेकली. पलंग करकरला, गादी दबली. बहिणीने डोळे उघडले, चाचीकडे पाहून हसली आणि अंगठा ओठांकडे नेला. चहा.

"गो बाय," चाचीचा आवाज मी पहिल्यांदाच एवढा हळू ऐकला. "हिला ऐकू येत नाय."

आई उठली. मसूर सांडला. "सकाळ-संध्याकाळ लूम थांबला की उठते ती! दुसऱ्यांच्या पोरांच्या आधी! तुमच्या नातवाच्या आधी!"

"तेच सांगते मी. कानानं नाय उठत ती."

"माझ्या पोरीला दृष्ट लावू नका भाभी."

ती बहिणीला उचलून, डोक्यावर पत्रा नसलेल्या खोलीत भर उन्हात जाऊन बसली. पुढचे आठ दिवस समोरासमोर राहूनही दोघी बोलल्या नाहीत. चाचीने दोन वेळा डबा पाठवला, दोन्ही वेळा तो भरलेलाच परत गेला. नेऊन देणारी मी.

वडिलांनी सगळं नुसतं ऐकून घेतलं. जॉबर बिघाड मशीनलाच विचारतो. नवे पत्रे बसले, झोळी पुन्हा टांगायची वेळ आली, तेव्हा त्यांनी सायकलची जुनी ट्यूब आणली. झोळीची दोरी त्यांनी गर्डरला बांधली नाही. मधे ट्यूबचे तीन वेढे घेतले. कारखान्यात मोटरीचा हादरा तोडायला खाली रबर घालतात, तसं. मला वाटलं, झोका मस्त उसळेल. दुपारी बहीण झोपली. वडिलांची रात्रपाळी होती, पण ते झोपले नाहीत. भिंतीला टेकून झोळीकडे बघत बसले. मी त्यांच्या शेजारी.

चारच्या सुमारास लाईट गेली. लूम थांबले. गल्लीत रडारड सुरू झाली. झोळी हलली नाही. वडिलांनी मान तिरकी केली, लूमपाशी करायचे तशी, जणू झोळीतून काही ऐकू येईल. मग त्यांनी हात वर करून गर्डरला तळवा लावला. गर्डर आता गप्प होता. आम्ही तिच्या झोपेला कान समजत होतो. ती तीन वर्षं या लोखंडाला टांगलेली होती आणि लोखंड तिला हलवून सांगत होतं: आता झोप, आता ऊठ.

मशीन सोडून आई धावत आली, सवयीने, दूध घेऊन. झोळी शांत पाहून दारातच थांबली. वडिलांनी तिला ट्यूब दाखवली. तिने ट्यूबकडे पाहिलं आणि म्हणाली, "रबराने झोका मऊ बसलाय. म्हणून गाढ झोपलीय." आणि उलट पावली गेली. लाईट नव्हती, मशीन बंद होतं. ती बंद मशीनवर जाऊन बसली.

इथे मी थोडी पुढे उडी मारते, कारण नंतर सांगायला जागा राहणार नाही. बहिरेपण नक्की झाल्यावर मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी वडिलांना बाजूला घेऊन सांगितलं की भाषा पकडायची ती हीच पहिली वर्षं. नवव्या महिन्यात आणली असतीत तर यंत्र लावून बरंच काही झालं असतं, आता होईल तेवढं करू. होईल तेवढं फार थोडं झालं. यंत्र मिळालं, पण लूमच्या खडखडाटात ते कानात नुसतं किंचाळायचं. बहीण ते काढून तांदळाच्या डब्यात टाकायची. बहिऱ्या मुलांच्या शाळेत ती सहाव्या वर्षी गेली आणि बाराव्या वर्षी परत आली. नव्वदचं दशक संपता संपता, पंधरा वर्षांची असताना, ती आईच्याच मशीनवर कांड्या भरायला बसली. सेठ खूश. "ही बरी. गप्पा नाही मारत." कारखान्यात तिच्याइतकं झरझर हातांनी बोलणारं कुणी नव्हतं. तिथे सगळेच तिच्यासारखे होते, आठ ते आठ. आठनंतर ते घरी जाऊन बोलायला लागायचे.

मी लग्न होऊन काल्हेरला नव्या इमारतीत गेले. मला मुलगा झाला, तेव्हा बाराव्या दिवशी, पाहुण्यांनी भरलेल्या घरात, झोपलेल्या पोराच्या कानाशी मी स्टीलचं ताट आपटलं. पोर किंचाळलं. सासूबाई किंचाळल्या, "अगं, वेड लागलंय का तुला?" मी मात्र इतकी हसत होते की टिपं गळत होती. पोर तासभर रडलं. मला ते थांबवावंसं वाटेना.

ट्यूब बांधली त्या दिवसानंतर वडिलांनी लूमला कान दिला नाही. हात लावून बिघाड ओळखायचे. सेठला फरक कळला नाही.

आता तो एक दिवस उरला. ट्यूब बांधल्यानंतरच्या सोमवारी वडिलांनी खाडा केला आणि आम्ही चौघं एसटीने मोठ्या दवाखान्यात गेलो. आईने बहिणीला नवा फ्रॉक घातला होता, वेण्या घातल्या होत्या, कपाळाला आणि गालाला तीट. वाटभर ती एकच सांगत होती, "विचारलं तर सांगा, आठला उठते. दोन्ही आठला. कधी चुकली न्हाय."

तपासायची खोली लहान होती. भिंतींना जाड कापड, खाली जाड सतरंजी. मी आयुष्यात इतकी शांत जागा पाहिली नव्हती. मला माझ्याच गिळण्याचा आवाज येत होता. डॉक्टरीणबाईंनी बहिणीला आईच्या मांडीवर बसवलं, समोर रंगीत ठोकळे दिले आणि आम्हाला बजावलं की हलायचं नाही, पाय आपटायचा नाही. पाय आपटायचा नाही म्हणताना त्यांनी माझ्याकडेच पाहिलं असं मला वाटलं, आणि मी दोन्ही पाय खुर्चीवर घेऊन बसले.

त्यांनी बहिणीच्या मागे उभं राहून घंटी वाजवली. बहीण ठोकळ्यावर ठोकळा ठेवत होती. दुसऱ्या बाजूने वाजवली. मग खुळखुळा. मग एक छोटा ढोल, आधी हळू, मग जोरात. वडिलांनी डोळे मिटले. मग बाईंनी दोन लाकडी फळ्या घेतल्या आणि बहिणीच्या कानामागे, वीतभर अंतरावर, ताड्कन एकमेकींवर आपटल्या. मी खुर्चीवरच उडाले. बहिणीने चौथा ठोकळा ठेवला, मनोरा पडला नाही म्हणून खूश झाली आणि वर मान करून आईला दाखवायला लागली.

बाईंनी कागदावर काहीतरी लिहायला घेतलं. आईने ते पेन पाहिलं. तिने पोरीला छातीशी धरलं, अर्धवट उठली, आणि त्या कापडाच्या खोलीत, लूमवर ओरडायच्या सवयीच्या आवाजात, ओरडली:

"बाई, लिहू नका! असं न्हाय ऐकत ती! आधी लूम चालू करा, आणि मग बंद करून बघा!"